चित्रकथेला प्रश्न कोणता विचारावा?

गेल्या पावसाळ्यात माझी भाची एक कागद घेऊन माझ्याकडे आली. पुण्यातील एका महाविद्यालयात ती एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी तिने विषय निवडला होता आणि कागदावर एकच ओळ लिहिली होती : ‘चित्रकथांचा समाजावर होणारा परिणाम’.

“मामा, विषय बरा आहे ना?” तिने विचारले.

“विषय बरा आहे, पण यात प्रश्न कुठे आहे?” मी म्हणालो.

ती क्षणभर थांबली. “प्रश्न म्हणजे... परिणाम चांगला की वाईट, हाच.”

तिच्या या उत्तराने मला एक जुनी चूक आठवली. १९८८ साली आम्ही पिंपरीतील एका खोलीचे बिऱ्हाड हलवून निगडीच्या प्राधिकरणात राहावयास आलो. त्या वेळी धाकट्या भावाने वर्षानुवर्षे जमवलेली, इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांनी भरलेली पत्र्याची पेटी मी रद्दीवाल्याच्या हवाली केली. असल्या पुस्तकांनी मुलांचे वाचन बिघडते, असे माझे ठाम मत होते. शिवाय ख्रिस्ती घरात ‘वेताळ’ कशाला, असे आजीही म्हणत असे. ते मत मी कशाच्या आधारावर बनवले, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मी तो विचारण्यापूर्वीच देऊन मोकळा झालो होतो.

चित्रकथेकडे गंभीरपणे पाहावयाचे झाल्यास प्रथम प्रश्न नीट मांडता आला पाहिजे, आणि ते वाटते तितके सोपे नाही, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

‘चांगले की वाईट’ या प्रश्नाने केवढा अनर्थ घडवला याचा इतिहास उपलब्ध आहे. डिसेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एका कॅथलिक शाळेतील मुलांनी घरोघर फिरून सुमारे दोन हजार कॉमिक्स गोळा केली आणि शाळेच्या आवारात त्यांची होळी केली. सहा वर्षांनी, १९५४ मध्ये, डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांचे कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांची साक्ष झाली. भयभीत प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली.

वर्थम हे दुष्ट गृहस्थ नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्क घेऊन त्यांनी दवाखाना चालवला होता. मुलांविषयी त्यांना खरी कळकळ होती. परंतु २०१० मध्ये त्यांची खासगी कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली आणि ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल टिली यांनी ती पुस्तकाशी ताडून पाहिली. २०१२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, वर्थम यांनी मुलांच्या जबान्या बदलल्या होत्या. एकाचे बोलणे अनेकांच्या तोंडी घातले होते, अनेकांचे एकत्र केले होते आणि मुलांच्या घरची विपरीत परिस्थिती ठिकठिकाणी गाळली होती. उत्तर आधीच ठरलेले असले म्हणजे प्रामाणिक माणूसही पुराव्याला कसा वाकवतो, याचे हे उदाहरण होय.

याच कथेला दुसरी बाजू आहे. ज्या देशात कॅथलिक शाळेच्या आवारात कॉमिक्स जळाली, त्याच देशातील कॅथलिक शाळांमधून १९४६ ते १९७२ या काळात ‘ट्रेझर चेस्ट’ नावाचे कॉमिक्स वाटले जात होते. १९६४ मध्ये त्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या एका काल्पनिक उमेदवाराची मालिका आली. प्रत्येक भागात त्याचे गुण, त्याचे विचार, त्याचा प्रचार दाखवला. चेहरा तेवढा कुठेच दाखवला नाही. अखेरच्या भागात चेहरा दिसला तेव्हा तो उमेदवार कृष्णवर्णीय असल्याचे बालवाचकांना कळले. तेव्हा ‘कॉमिक्स’ नावाची एकच एक वस्तू चांगली किंवा वाईट ठरवणे म्हणजे ‘पुस्तक’ चांगले की वाईट, असे विचारण्यासारखे आहे. कोणते पुस्तक, कोणाच्या हातात, कोणत्या साली, हे आधी ठरवावे लागते.

म्हणून मी भाचीला पहिला प्रश्न सुचवला तो अगदी साधा : कोण वाचत होते?

पिंपरी-चिंचवड ही स्थलांतरितांची नगरी आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाली आणि मोटारी, स्कूटर, यंत्रे यांच्या कारखान्यांची रांग लागली. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. अहमदनगर जिल्ह्यातून (आताचे अहिल्यानगर) दुष्काळ आणि बेकारी मागे टाकून आलेली कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबे या रांगेच्या आधाराने येथे स्थिरावली. आमचे कुटुंब त्यांतीलच एक. वडील तिन्ही पाळ्यांत काम करीत. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा ते झोपत आणि एका खोलीत आम्हा चौघा भावंडांना आवाज न करता दुपार काढावी लागे. त्या दुपारी चार-आठ आणे भाड्याने आणलेली कॉमिक्स हाच आमचा आधार होता. कॉमिक्स वाचताना आवाज होत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला पेटी रद्दीत गेल्यावर कितीतरी वर्षांनी उमजली. घरातील सर्वांत मोठी वाचक माझी आई होती. तिचे शिक्षण दुसरीपर्यंतच झाले होते. भाकरी थापताना ती शेजारी अंक उघडा ठेवी. चित्रांवरून कथा लावी आणि अडले की आम्हाला फुग्यातला मजकूर वाचावयास सांगे. पुढे पुढे विचारणे कमी झाले. तिला छापील अक्षराचा सराव कोठे झाला असेल, तर त्या फुग्यांत. मुलांचे वाचन बिघडेल या भीतीने मी जी पेटी काढून टाकली, ती एका प्रौढ स्त्रीची शाळा होती. एका आईवरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे खरे. परंतु ‘कामगार वसाहतीत कॉमिक्स कोणी, कोठून आणून, कशी वाचली?’ असा प्रश्न घेऊन सत्तरीच्या पुढील पन्नास-साठ जणांना भेटता येईल. उत्तर काय येईल ते आज कोणालाच ठाऊक नाही. चांगल्या प्रश्नाचे ते एक लक्षण आहे.

दुसरा प्रश्न अंकांच्या आत शिरून विचारावयाचा : मूळ कथेत कोणी, काय आणि का बदलले?

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. तिचा प्रमुख नायक, अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्मिलेला फँटम, मराठीत ‘वेताळ’ झाला. गावकुसाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या वेताळाचे, पुण्याच्या टेकडीला ज्याचे नाव आहे त्या भुतांच्या राजाचे नाव एका मुखवटेधारी गोऱ्या वीराला मिळाले. नाव बदलताच मराठी वाचकाच्या मनात कथेचा अर्थही थोडा बदलला असणार. आमच्या आजीचा आक्षेप त्या नावालाच होता. इतर नावेही बदलली. फँटमचा देश ‘बेंगाला’. तो बंगालसारखा ऐकू येई म्हणून भारतीय अंकांत ‘डेंकाली’ झाला. ‘सिंग’ नावाच्या चाच्यांच्या टोळीचे ‘सिंगा’ झाले आणि ‘रामा’ हा खलनायक ‘रामालू’ झाला. भारतीय वाचकाला जे खटकेल ते प्रकाशकांनी काळजीपूर्वक पुसले. परंतु काळ्या वनवासींवर पिढ्यान्‌पिढ्या वचक ठेवणारा गोरा राजा ही कल्पना मात्र तशीच राहिली. ती कोणाला खटकेल असे त्यांना वाटले नसावे. काय बदलले आणि काय बदलण्याची गरज भासली नाही, या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की स्वातंत्र्योत्तर मध्यमवर्गाच्या मनाचा नकाशा हाती येतो.

असाच पडताळा युरोपातील एका प्रख्यात मालिकेचा घेता येतो आणि तो आपल्याला अधिक जवळून बोचतो. टिनटिन हा बालवीर १० जानेवारी १९२९ रोजी बेल्जियममधील एका कॅथलिक दैनिकाच्या बालपुरवणीत अवतरला. त्या दैनिकाचे संपादक एक धर्मगुरू होते. पुढच्याच वर्षी टिनटिनला काँगोत, म्हणजे बेल्जियमच्या वसाहतीत पाठवण्यात आले. तेथील मिशन शाळेत तो आफ्रिकन मुलांना तुमचा देश बेल्जियम असे शिकवतो. १९४६ मध्ये चित्रकार एर्जे यांनी ही कथा नव्याने रेखाटली तेव्हा त्या धड्याच्या जागी गणिताची बेरीज आली. देश बदलला नाही, शाळा बदलली नाही, मुलांचे विद्रूप चित्रणही फारसे बदलले नाही. फळ्यावरचा धडा तेवढा बदलला. मिशन शाळांनी आपल्या समाजाला अक्षरओळख दिली, त्याबद्दलची आपली कृतज्ञता खरी आहे. म्हणूनच त्या फळ्यावर आणखी काय लिहिले जात होते हे पाहण्याचे धैर्य आपल्या अभ्यासकांजवळ असले पाहिजे.

तिसरा प्रश्न : चौकटीत कोण आहे आणि कोण नाही?

अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा सुरू केली. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत भारतीय मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली असे ते सांगत. मालिकेतील ‘कृष्ण’ हा अंक राम वाईरकर या मराठी चित्रकाराच्या हातचा. पुढे शेकडो अंक निघाले. शिवाजी, ज्ञानेश्वर, तुकाराम, अकबर, गुरू नानक आले आणि ‘येशू ख्रिस्त’ हाही अंक आला. या मालिकेवर नंदिनी चंद्रा यांनी २००८ मध्ये आणि अमेरिकेतील कार्लिन मॅक्लेन यांनी २००९ मध्ये संपूर्ण ग्रंथ लिहिले. कोणाला नायक केले, स्त्रिया कशा रेखाटल्या, परधर्मीय राजे कसे रेखाटले, याची त्यांनी बारकाईने छाननी केली. परंतु एक प्रश्न आपल्यावाचून कोण विचारणार? ज्या घरात वेदीवर ख्रिस्ताची तसबीर होती, त्या घरातील मुलाने ‘शिवाजी’ आणि ‘येशू ख्रिस्त’ हे एकाच आकाराचे, एकाच किमतीचे दोन अंक शेजारी ठेवून वाचले, तेव्हा ‘आपला इतिहास’ या शब्दांचा त्याने काय अर्थ लावला?

आता घरच्या उंबऱ्याशी येऊ. नोव्हेंबर १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ ही चित्रमालिका सुरू झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने निर्मिलेला हा मुलगा मराठी घरांत इतका रुळला की, वृत्तपत्र हाती आले की आधी चिंटू आणि मग मथळे, असा अनेकांचा परिपाठ झाला. त्याची भाषा अस्सल घरगुती आहे, विनोद निर्मळ आहे, आणि दोन-तीन चौकटींत प्रसंग उभा करण्याचे कसब असामान्य आहे. चिंटू, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशी काकू, कर्नल काका ही मंडळी आपल्याला शेजाऱ्यांसारखी वाटतात. परंतु ती कोणाच्या शेजारची? पुण्याच्या मध्यमवर्गीय वसाहतीतील की पिंपरीच्या कामगार वस्तीतील? चिंटूच्या घरी दुपारी वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात का? त्याच्या मित्रांत कोणी डिसेंबरमध्ये घरावर तारा लावतो का?

हा आक्षेप म्हणून मी मांडत नाही. कलावंताने आपल्या परिचयाचे जग रंगवावे, हा त्याचा हक्क आहे आणि ‘चिंटू’चे यशही त्यातच आहे. मी तो मोजण्याजोगा प्रश्न म्हणून मांडतो. एका वर्षातील सर्व चित्रमालिका घ्याव्यात. कोणत्या प्रसंगात कोणते घर, कोणता सण, कोणता व्यवसाय, कोणते आडनाव येते याची नोंद करावी. नोंद पूर्ण होण्यापूर्वी निष्कर्ष काढू नये. कदाचित माझा समज खोटा ठरेल, आणि तो खोटा ठरण्याची वाट मोकळी राहिली तरच त्या अभ्यासाला अर्थ आहे.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : चौकटीत असलेल्यांपैकी बोलतो कोण?

याचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील दोन चित्रकथांत सापडते. अमर चित्रकथेने १९७९ मध्ये ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक काढला. त्यात मालिकेच्या ठरलेल्या साच्यात, नीटस चौकटींतून, एका थोर पुरुषाचे चरित्र येते. २०११ मध्ये ‘भीमायन’ आले. त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढली. पाणी, निवारा आणि प्रवास या तीन गोष्टींसाठी बाबासाहेबांना सोसाव्या लागलेल्या अपमानांभोवती हे पुस्तक रचले आहे. माणसांना चौकटीत कोंडणे व्याम दांपत्याला मान्य नव्हते. त्यांची पाने मोकळी, नक्षीच्या वळणांनी विभागलेली आहेत. बोलण्याचे फुगेही त्यांनी निरनिराळे केले : सौम्य शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. अस्पृश्यता शब्दांतून कशी डसते, हे त्या नांगीवरून अक्षरे न वाचणाऱ्यालाही कळते. पहिल्या अंकात वंचितांच्या नेत्याविषयी सांगितले जाते. दुसऱ्यात समाजाच्या कडेला राहिलेले दोन कलावंत स्वतःच्या चित्रभाषेत सांगतात. दोन्हींतील तुलना हा एका संपूर्ण लघुप्रबंधाचा विषय होईल.

हा प्रश्न मनात असतानाच आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला एक गोष्ट सांगितली. तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात लाइनवर काम करतो. १९९९ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना आला. २००९ मध्ये फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या आणि पाहता पाहता बटाटा-कांद्याच्या बाजाराचे गाव मोटारींचे गाव झाले. लाइनवर मराठवाड्याचा, बिहारचा, ओडिशाचा कामगार शेजारी शेजारी उभा असतो. भाषा वेगळी, काम एक. म्हणून प्रत्येक स्टेशनवर चित्रांचा तक्ता लावलेला असतो. कामगार त्याला ‘एसओपी’ म्हणतात. पहिल्या चौकटीत बोल्ट उचलणारा हात, दुसऱ्यात तो बसवणारा, तिसऱ्यात हत्यार लावणारा, आणि चुकीच्या पद्धतीवर लाल फुली. “मामा, हेही कॉमिक्सच की,” तो हसून म्हणाला.

त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अमेरिकन चित्रकथाकार विल आयस्नर यांनी १९८५ मध्ये चित्रकथेला ‘अनुक्रमाने येणाऱ्या चित्रांची कला’ म्हटले. १९९३ मध्ये स्कॉट मॅकक्लाउड यांनी दाखवले की, तिचा प्राण दोन चौकटींमधील रिकाम्या जागेत असतो; तेथे जे घडते ते वाचक स्वतः भरून काढतो. ही व्याख्या स्वीकारली तर कॉमिक्सची वंशावळ फार मागे जाते. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक पोथीचित्रे दाखवून रामायण-महाभारत सांगत आले. आपल्या देवळांच्या भिंतींवरील क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रेही त्याच वंशातील आहेत. तेथे पान उलटण्याऐवजी भाविकच एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जातो आणि मधली वाट मनाने भरतो. मग चाकणचा तक्ता बाहेर का ठेवावा?

मी त्या तरुणाला विचारले, “त्या चित्रांतल्या माणसाचा चेहरा कसा आहे?” तो विचारात पडला. “चेहरा नाही,” तो म्हणाला. “नुसते हात आहेत.” फुगाही नाही. सूचना आहे, क्रम आहे, बिनचूकपणा आहे, बोलणारा नाही. कारखान्याला जे हवे ते त्यात चोख आहे आणि त्यात वावगे काही नाही. पण आपल्या परिसरात हजारो माणसे रोज आठ तास पाहतात अशी चित्रमालिका असेल तर ती हीच, आणि तिच्यात कामगाराला हात आहेत, वाणी नाही. त्याच कामगाराने आपल्या पाळीची गोष्ट सहा चौकटींत काढली, तर पहिल्या फुग्यात तो काय लिहील? संशोधनाला येथून आरंभ करता येतो : तक्ता वाचणाऱ्या पंचवीस जणांना कागद-पेन्सिल द्यावी आणि काय येते ते पाहावे.

हे सारे ऐकून भाचीने आपली ओळ खोडली. तिच्या मार्गदर्शक बाईंच्या संमतीने तिने नवा प्रश्न लिहिला आहे : ‘१९७० ते १९९० या काळात पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतींतील स्त्रियांनी मराठी कॉमिक्स कशी मिळवली आणि कशी वाचली?’ स्थळ आहे, काळ आहे, माणसे आहेत. आणि उत्तर नाही.

तिची अडचण एकच आहे. ज्यांना विचारावयाचे त्या बाया आता वयाने थकल्या आहेत. माझी आईही आता हयात नाही. ज्या अंकांवर बोट ठेवून त्यांना विचारावयाचे, ते अंक माझ्यासारख्यांनी रद्दीत घातले आहेत. ग्रंथालयांनी ती पुस्तके ठेवण्याजोगी मानली नाहीत. म्हणून वाचकांना विनंती आहे की, नाताळपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावर एखादा फाटका वेताळ, पानांचे कोपरे दुमडलेली एखादी अमर चित्रकथा किंवा वृत्तपत्रातून कापून वहीत चिकटवलेला चिंटू सापडला, तर तो टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावा आणि तो घरात कसा आला, कोण वाचत असे, हे विचारून घ्यावे. जे सांगतील ते त्याच अंकाच्या मागच्या पानावर, तारीख घालून, लिहून ठेवावे.